सगळं ठीक आहे, मग बरं का वाटत नाही?

पत्र पहिलं

डॉक्टर मॅडम, स. न. वि. वि.

माझं वय ५१. कराड तालुक्यातल्या एका गावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. बायको अंगणवाडी सेविका. मुलगा पुण्यात नोकरीला लागला, मुलगी तिच्या घरी सुखात आहे. दुकानाचं कर्ज गेल्या वर्षी फिटलं. भावाभावांत वाद नाही. तरी दिवाळीपासून मन लागत नाही. पहाटे चारला जाग येते ती येतेच, आणि छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटतं. शटर उघडायचं जिवावर येतं. गिऱ्हाईक विचारतं, "हुमणी अळीला काय टाकू?" तर मी नुसतं पुडकं पुढं सरकवतो. पूर्वी अर्धा तास बोलायचो. संध्याकाळी जरा हलकं वाटतं, त्यामुळं घरचे म्हणतात, "तुम्हाला काय झालंय?" जेवण कमी झालं, पट्ट्याला दोन नवी भोकं पाडून घेतली. मी माळकरी आहे, एकादशीच्या भजनाला पखवाज वाजवायचो, तेही सुटलं. शुगर, बीपी, ईसीजी नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका, फिरून या. नरसोबाच्या वाडीला, पंढरपूरला जाऊन आलो. एकानं सांगितलं, बाहेरचं काही आहे का बघा. झोपेसाठी ओळखीच्या मेडिकलमधून अर्धी गोळी आणतो. माझे एक चुलते असेच दिवसदिवस सोप्यात बसून असायचे, लोक त्यांना खुळे म्हणायचे. माझं तसं होईल का? कधी वाटतं, रात्री झोपलो ते उठलोच नाही तर बरं. देवानं सगळं दिलं असताना असं वाटणं हे पाप नाही का?

— एक वाचक, जि. सातारा

उत्तर

भाऊ, तुमचा शेवटचा प्रश्न मी सगळ्यात आधी घेते. नाही, हे पाप नाही. झोपेतून उठूच नये असं वाटणं हे नैराश्य नावाच्या आजाराचं लक्षण आहे. तापात अंग फणफणतं तेव्हा आपण देवाची माफी मागत नाही, डॉक्टरकडे जातो. इथंही तेच करायचं.

पण हे वाक्य मी हलक्यानं घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. नकोसं वाटणं आणि जिवाचं बरंवाईट करावंसं वाटणं यात अंतर असतं. पत्रावरून तुम्ही अलीकडच्या काठावर आहात असं दिसतं, पण हे अंतर रोज तेवढंच राहील याची खात्री कुणी देऊ शकत नाही. म्हणून हे वाचाल त्याच दिवशी दोन कामं करा. बायकोला हे वाक्य जसंच्या तसं सांगा. आणि गोडाऊनची किल्ली भावाकडे द्या. त्याला म्हणावं, सध्या फवारणीच्या औषधांचा माल तू काढून देत जा, मी हिशोब बघतो. तुमच्या दुकानात काय काय ठेवलेलं असतं हे मी तुम्हाला सांगायला नको. मन टोकाला जातं ती वेळ बहुतेकदा थोडीच टिकते, आणि तेवढ्या वेळात हाताशी काय आहे यावर माणूस वाचणं न वाचणं ठरतं. शेतीच्या घरांत, कृषी केंद्रांच्या घरांत मी हे हात जोडून सांगते. रात्री-अपरात्री फारच जड झालं तर १४४१६ वर फोन करा. केंद्र सरकारची ही टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आता तुमचा मूळ प्रश्न. सगळं ठीक असताना असं का? तुम्ही पत्रात कर्ज, मुलं, भाऊबंदकी, एकेक खातं तपासून बघितलंत आणि कुठंच बाकी निघाली नाही म्हणून स्वतःलाच दोषी धरलंत. असं फार जण करतात. कारण सापडलं तरच दुःखाला मान्यता, नाहीतर ते नखरे, अशी आपल्याकडची रीत आहे. पण नैराश्याच्या आजाराला बाहेरचं कारण लागतंच असं नाही. काहींना घरातल्या मृत्यूनंतर येतो, काहींना नुकसानीनंतर, आणि काहींना अगदी सुखाच्या दिवसांत. झोप, भूक, हुरूप, सकाळ-संध्याकाळचा ताल हे सगळं मेंदू सांभाळतो. त्याच्या कामात बिघाड झाला तर तो कर्ज फिटलंय की नाही ते बघत नाही. कारण शोधायचं काम तुम्ही खूप केलंत, आता ते थांबवलंत तरी चालेल. उपचार त्यासाठी अडून राहत नाही.

तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझं लक्ष पट्ट्याच्या भोकांकडे गेलं. चारला जाग, सकाळ सगळ्यात जड, संध्याकाळी थोडा उतार, तुटलेली भूक, उतरलेलं वजन, आणि ज्यात जीव होता त्या गोष्टींतून उडालेलं मन. ही सगळी लक्षणं एकत्र येतात तेव्हा आम्ही मानसोपचारवाले सावध होतो. घरचे म्हणतात, संध्याकाळी तर चांगले बोलता. तुम्ही संध्याकाळी हसलात म्हणून सकाळचं खोटं ठरत नाही. दिवसात असा चढउतार होणं हाच या आजाराचा एक नमुना आहे, हे त्यांना मुद्दाम वाचून दाखवा. अशी लक्षणं दोन आठवडे जवळपास रोज राहिली की तपासणी करायची, हा साधा निकष आहे. तुम्ही दिवाळीपासून सोसताय.

तपासणीत आधी शरीर बघू. पन्नाशीच्या माणसाचं वजन कारणाशिवाय उतरतं तेव्हा ते मनामुळंच असेल असं धरून चालणं मला पटत नाही. फिजिशियनकडून नीट तपासून घ्या. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची तपासणी, लिव्हर-किडनी, छातीचा एक्स-रे, टीएसएच म्हणजे थायरॉइड, आणि व्हिटॅमिन बी-१२. बी-१२ वर मी जोर देते, कारण तुम्ही माळकरी. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी आणि दूधदुभत्यातूनच मिळतं. माळ घातलेल्या माणसाचा भरवसा सगळा दुधादह्यावर, आणि आपल्याकडं दूध बहुतेक चहातच जातं. बी-१२ कमी पडलं की थकवा येतो, विसरायला होतं, तळपायाला मुंग्या येतात, मनही खाली बसतं. माळ काढायची गरज नाही, गोळ्या-इंजेक्शनं मिळतात. थायरॉइड मंद चालत असेल तर त्याचीही उदासी असते, पण त्यात वजन सहसा वाढतं. झोपेत घोरता का, मध्येच श्वास अडकतो का, हे बायकोला विचारा. तुमच्याच वयाचे इतर वाचक यात स्वतःला बघत असतील, तर त्यांनी रोजच्या दोन पेगचाही विचार करावा. दारू रात्री झोप आणते, पहाटे ती मोडते, आणि दुसऱ्या दिवशीची उदासी वाढवते.

शरीराच्या तपासण्या स्वच्छ आल्या म्हणजे "काही नाही" असा निकाल लागला असं मात्र समजू नका. इथंच तुमची गाडी अडकली. शुगर, बीपी, ईसीजी चांगलं आलं आणि तुम्हाला घरी पाठवलं. "टेन्शन घेऊ नका" हा सल्ला ऐकला की मला आजही राग येतो. टेन्शन कुणी दुकानातून उचलून आणतं का? मनाचा दवाखाना हा पुढचा टप्पा होता, तो कुणी सांगितलाच नाही. तुम्ही एकटे नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं की दर वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येतं, आणि चाळिशीत त्याचं प्रमाण जास्त असतं. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपली माणसं वेगळ्या मातीची आहेत असं मानायला मला तरी आधार दिसत नाही. त्याच पाहणीत असंही दिसलं की असे दर शंभरातले ८५ जण उपचाराविना राहतात.

म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. कराडात गाडी ओळखतील अशी भीती असेल तर साताऱ्याला जा, कोल्हापूरला जा, मिरजेला या. लांब जाण्यात कमीपणा नाही. जाताना तीन गोष्टी न विसरता सांगा. चुलत्यांचं, झोपेच्या गोळीचं, आणि पूर्वी कधी याच्या उलट काळ येऊन गेला का तेही, म्हणजे झोप न घेताही अंगात भलताच जोर, नको एवढी खरेदी, नको एवढं बोलणं. या शेवटच्या उत्तरावर औषध बदलतं. झोपेची गोळी आपल्या मनानं एकदम बंद करू नका आणि वाढवूही नका. तिची सवय लागते. नैराश्यावरची औषधं वेगळी, त्यांची चटक लागत नाही. फरक एवढाच की ती लगेच गुण देत नाहीत. पहिले आठ-दहा दिवस मळमळ, थोडी अस्वस्थता होऊ शकते, आणि मनाला उठाव यायला दोन ते चार आठवडे, कधी सहा लागतात. बरेच लोक याच दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून पाकीट टाकून देतात. सुरुवातीच्या या दिवसांत बायकोनं जरा जास्त लक्ष ठेवावं. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायची, आणि थांबवताना डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू.

चुलत्यांना हाच आजार होता का, हे मी पत्रावरून सांगू शकत नाही. रक्ताच्या नात्यात असेल तर शक्यता वाढते, एवढं खरं. पण यावरची पहिली औषधं जगात आली १९५०च्या दशकात, आणि खेड्यातल्या सोप्यापर्यंत यायला त्यांना आणखी कित्येक वर्षं लागली. त्यांना डॉक्टर मिळाला नाही. तुमचं तसं का होईल?

वाडीला, पंढरपूरला जरूर जात राहा, मन शांत होत असेल तर त्यासारखं दुसरं काय. "बाहेरचं" बघणाऱ्याकडे मात्र जाऊ नका. तिथं पैसा जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे महिने जातात.

आणि पखवाज. मिरजेत वाद्यं करणारे कारागीर माझ्याकडे येतात, त्यांच्याकडून ऐकून मला थोडं कळतं, म्हणून सांगते. तुम्ही वाट बघताय की मन लागलं की वाजवीन. या आजारात क्रम उलटा करावा लागतो. मन लागत नसताना हात चालवायचे, मन मागून येतं. उद्या संध्याकाळी, तुमच्या त्या बऱ्या वेळेला, गोळाभर कणीक भिजवा. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्याला लावा. थाप मारून बघा आवाज खर्जात किती उतरला, नसेल उतरला तर आणखी थोडी लावा. दहा मिनिटं हात फिरवा आणि कणीक खरवडून पखवाज ठेवून द्या. वाजवायला गोडी वाटली का हे स्वतःला विचारू नका, पहिल्या दिवसांत उत्तर "नाही" असंच येईल. एकादशीला जाऊन वाजवलंच पाहिजे असंही नाही. मागं टाळ घेऊन बसा. दुकानातही तसंच. दिवसातून एका गिऱ्हाइकाला हुमणीबद्दल पूर्वीसारखं सांगा, कुठल्या महिन्यात भुंगेरे निघतात, कडुनिंबावर, बाभळीवर कसे गोळा करायचे. एकालाच. बाकीच्यांना पुडकं सरकवलंत तरी चालेल.

बायकोशी कसं बोलू, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथंच तुमचा पाय अडेल. एवढंच म्हणा : "दिवाळीपासून मला बरं वाटत नाही. कारण मलाही माहीत नाही. माझ्यासोबत डॉक्टरकडे चल." पट्ट्याची भोकं तिनं तुमच्याआधी बघितलेली असणार.

पत्र दुसरं

मॅडम, मी ४६ वर्षांची, नाशिकला विम्याच्या कार्यालयात कामाला आहे. वर्षभरापासून पाळी कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. आली की अंगावरून खूप जातं. रात्री अचानक घाम फुटतो, पंखा पाचवर करून बसते. काउंटरवर कुणी जरा चढ्या आवाजात बोललं की रडू येतं. मी अशी नव्हते. पहिल्या बाळंतपणानंतर दोन-तीन महिने असंच झालं होतं. मैत्रीण म्हणते पिशवी काढून टाक, सगळं थांबेल. सासूबाई म्हणतात, आम्हाला नव्हतं बाई असं काही.

— नाशिक

उत्तर

ताई, पिशवी काढायचा विचार आधी बाजूला ठेवा. मनासाठी गर्भाशय काढायचं नसतं. त्यासोबत अंडाशयंही काढली गेली तर पाळी जाण्याचा हा सगळा काळ एका दिवसात अंगावर कोसळतो, आणि घाम, चिडचिड, उदासी जास्तच होते. ऑपरेशनची वेगळी कारणं असतात, ती सोनोग्राफी आणि तपासणी करून स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतील. महाराष्ट्रात बायकांच्या पिशव्या फार सहज काढल्या गेल्या आहेत. बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेलं.

तुमचं वय बरोबर त्या टप्प्यावर आहे. आपल्याकडे बायकांची पाळी सरासरी ४६-४७ च्या सुमारास जाते, आणि सलग बारा महिने आली नाही की ती गेली असं म्हणतात. त्याआधीची काही वर्षं इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) एका चालीनं कमी होत नाही, वरखाली उसळ्या घेतं. मनाला त्रास होतो तो या उसळ्यांचा. बाळंतपणानंतर ज्यांना उदासी आली होती त्यांना या काळात ती पुन्हा येण्याची शक्यता जास्त असते, म्हणून ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. सासूबाईंना झालं नसेल, किंवा तेव्हा बोलायची सोय नसेल. त्यांच्याशी वाद घालण्यात शक्ती घालवू नका.

घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाचा हिशोब लिहितो तिथंच, तीन खुणा करत जा : पाळीचे दिवस, घामाच्या रात्री, रडू आलेले दिवस. दोन महिन्यांत दिसेल की घामाच्या रात्रीनंतरची सकाळ वाईट जाते की पाळीच्या आधीचा आठवडा. झोप मोडल्यामुळं मन मोडत असेल तर घामावर उपचार केला की निम्मं काम होतं. अंगावरून जास्त जातंय म्हणून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच करा. रक्त कमी असेल तर कुठलंच समुपदेशन पुरं पडणार नाही. संप्रेरकांच्या गोळ्या किंवा त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या कुणाला चालतात आणि कुणाला नाही हे ठरवताना स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचे आजार विचारात घेतात. नैराश्यावरची काही औषधं घामही कमी करतात, म्हणजे एका गोळीत दोन कामं. आणि पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही, तीही काळजी घ्या.

पत्र तिसरं

आई ५३ वर्षांची आहे. सारखी पडून असते. मी "पॉझिटिव्ह विचार कर, तुझ्यापेक्षा किती लोक वाईट अवस्थेत आहेत" असं समजावते तर ती चिडते आणि दार लावून घेते. काय बोलू?

— पुणे

उत्तर

समजावणं काही दिवस बंद करा. तिच्यापेक्षा वाईट अवस्थेतले लोक तिला माहीत आहेत, त्याच विचारानं ती स्वतःला रोज बोल लावत असेल. तिच्या खोलीत जाऊन बसा, भाजी निवडायला घेऊन. "झोप लागली का? जेवलीस का? कधी जगणं नकोसं वाटतं का?" असे सरळ प्रश्न विचारा. शेवटचा प्रश्न विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं तर तिला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे घेऊन जा. नाहीतर "तू डॉक्टरकडे जा" असं न म्हणता स्वतः अपॉइंटमेंट घ्या, रजा टाका, रिक्षा बोलवा. ऐनवेळी ती "नको" म्हणेल. तेव्हा पुढच्या आठवड्याची वेळ तिच्यासमोरच घ्या.